बोबोलिंकच्या कुरणाकडची वाट

दाजी, तुमच्यावर माझा संशय होता, आणि तुम्ही गेलात म्हणून तो निकाली निघालेला नाही, हे प्रथमच नमूद करतो.

माणूस गेला की त्याच्याविषयी केवळ चांगले लिहावे अशी रीत आहे. ती पाळणारे पुष्कळ आहेत. येत्या रविवारी मंडळाच्या सभागृहात तुमची स्मरणसभा आहे. तुमचे शिक्षण, तुमची कंपनी, अमेरिकेतल्या या श्रूजबरीत पहिला सार्वजनिक गणपती बसवताना तुम्ही केलेली धावपळ, हे सर्व तेथे सांगितले जाईल. मलाही चार शब्द बोलण्यास सांगितले आहे आणि त्याचा मसुदा मी वेगळा तयार ठेवला आहे. तो व्यवस्थित आहे, ऐकणाऱ्यांस आवडेल. हे लिखाण मात्र त्या सभेसाठी नाही. हे तुमच्यासाठी आहे. दुपारची वेळ आहे, माझी बहीण अक्का वरच्या खोलीत पडली आहे, आणि घरात फ्रिजखेरीज कोणी बोलत नाही.

माझा स्वभाव तुम्हांस ठाऊक आहे. मी फलटणच्या तहसील कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली बसणारा अर्जनवीस. दहावीच्या परीक्षेत इंग्रजी आणि गणित या दोन विषयांनी मला अडवले ते कायमचे. पण तालुक्यातील भल्याभल्यांचे म्हणणे माझ्याच हातून शासनापर्यंत पोहोचले आहे. एकदा प्रांतसाहेबांनी भर कचेरीत विचारले होते, "हा मसुदा कोणत्या वकिलाचा?" आणि शिपायाने खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवले होते. हा प्रसंग मी तुम्हांस अनेकदा सांगितला. दर वेळी तुम्ही तो प्रथमच ऐकत आहात अशा चेहऱ्याने ऐकला. तेव्हा मला ते तुमचे सौजन्य वाटले. आता तेही संशयास्पद वाटते.

या व्यवसायाने मला एवढे शिकवले की माणूस पहिल्या वाक्यात जे मागतो ते त्याला हवे असतेच असे नाही. बांधाची तक्रार घेऊन आलेल्यास बांध नको असतो. भावाशी बोलण्यास निमित्त हवे असते. म्हणून फेब्रुवारीत तुमचा फोन आला तेव्हा मी सावध झालो.

"दिनकरराव, या समरला इकडे ये. फुलपाखरं बघू, पक्षी बघू."

"आणि?"

"आणि काय? बघू. बस."

"काही कागद करायचे आहेत का?"

तुम्ही मोठ्याने हसलात. "अरे यार, तुला पक्षी दाखवायला स्टॅम्पपेपर लागतो का?"

तुम्ही हसलात, पण 'नाही' म्हणाला नाहीत. मी ते टिपून ठेवले. मनात आले, सख्ख्या बहिणीचा नवरा झाला तरी इतक्या वर्षांत त्याने मला कधी अमेरिकेस बोलावले नव्हते. आणि आता बोलावतो, तर पाखरे पाहण्यास? फलटणला पाखरे नाहीत काय? मी येताना बॅगेत कोरे कागद आणि माझे दोन पेन घेऊन आलो. कुठले तरी प्रकरण निघणार आणि ऐनवेळी माझी धांदल उडता कामा नये, असा हिशेब होता. ते कागद अजून कोरेच होते. हे लिखाण त्यांवरच चालले आहे.

जूनमध्ये मी पोहोचलो. पहिले काही दिवस माझ्यासारख्या माणसास फार अवघड गेले, हे तुम्ही पाहिलेत. मिरचीची फोडणी दिली तर छतावरचा धुराचा भोंगा बोंबलू लागला आणि अक्का स्टुलावर चढून त्यास टॉवेलने वारा घालू लागली. भांडी मी घासली तर ती म्हणाली, "दिनू, अरे डिशवॉशर आहे. तू बस." फिरायला निघालो तर म्हणाली, "एकटा जाऊ नकोस, इथे सगळी घरं सारखी दिसतात. तू बस." ज्याच्यापुढे सकाळपासून माणसे रांग लावतात तो मी तुमच्या सोफ्यावर बसून होतो. तुम्ही वर्तमानपत्राच्या वरून माझ्याकडे पाहत होता.

"उद्यापासून ड्यूटीवर," तुम्ही म्हणालात आणि तुमची जुनी दुर्बीण माझ्या गळ्यात घातलीत.

ते कुरण मी विसरणार नाही. गावाबाहेर, टेकडीच्या उतारावर, कमरेएवढे गवत. पिल्ले उडून जाईपर्यंत गवत कापायचे नाही असे त्याच्या मालकाने ठरवले होते, आणि एवढ्या एका गोष्टीवरून तुम्ही त्या न पाहिलेल्या मालकास देवमाणूस म्हणत होता. बोबोलिंक मला तुम्ही तेथे दाखवलात. पोट काळे, पाठ पांढरी, डोक्याच्या मागे पेंढ्याच्या रंगाचा ठिपका. जणू कोणी घाईत कपडे उलटे घातले. तो उडता उडता ओरडतो तेव्हा तांब्या पाण्यात बुडवल्यासारखा आवाज येतो. तुम्ही म्हणालात, "साउथ अमेरिकेतून येतो हा. कुठच्या कुठून! नकाशा नाही, काही नाही. कसा येत असेल?"

"कोणीतरी बोलावलं असेल," मी म्हणालो. "काहीतरी काम असेल त्याच्याकडे."

"झालं! आता पक्ष्यावर पण संशय!"

त्याच कुरणाच्या कडेला मिल्कवीडची झाडे होती. पान तोडले तर पांढरा चीक आला आणि मी ओरडलो, "दाजी, ही तर आपली रुई!" वर नारिंगी फुलपाखरू बसले होते, काळ्या रेघांचे, थेट आमच्या कचेरीच्या कुंपणातल्या रुईवर बसते तसे. तुम्हांस केवढा आनंद झाला! "करेक्ट! चुलतभाऊ आहेत ते. हा मोनार्क. बॉटनी न शिकता ओळखलंस तू." मला शिक्षणावरून बोलणारे पुष्कळ भेटले, 'न शिकता' हे शब्द कौतुक म्हणून वापरणारे तुम्ही पहिले. पुढच्याच आठवड्यात तुम्ही मला तसेच दुसरे फुलपाखरू दाखवून विचारलेत, "हा कोण?" मी म्हणालो, "मोनार्क." तुम्ही टाळी वाजवलीत. तो मोनार्क नव्हता. त्याच्या मागच्या पंखावर एक आडवी काळी रेघ जास्त होती. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून त्याने कडू लागणाऱ्या मोनार्कचे रूप घेतले होते. तेव्हापासून मी तेथील प्रत्येक फुलपाखराचा मागचा पंख आधी पाहू लागलो. तुम्ही अक्कास सांगितलेत, "तुझ्या भावाला परफेक्ट छंद मिळाला. सगळे संशयित."

पण खरा संशयित गाडी चालवत होता.

पहिली गोष्ट, तुम्ही फोन घरी ठेवत होता. तोही टेबलावर नव्हे, चमच्यांच्या खणात. मी विचारले तर म्हणालात, "त्यातली बाई सारखी लेफ्ट-राइट ओरडते. पक्षी उडतात." गाडीतील आवाजाने कुरणातले पक्षी कसे उडतील? दुसरी गोष्ट, एकाच कुरणास जाताना रोज वेगळी वाट. "आज इकडून नेतो, तळं दाखवतो," असे म्हणत होता. पण तळे आले की न थांबता पुढे. तिसरी गोष्ट, तो पेट्रोल पंप. टाकी भरलेली असताना तुम्ही थांबत होता, मला गाडीतच बसवून आत जात होता, काउंटरवरील बाईशी बोलत होता आणि हात हलवत परत येत होता. हातात कधी बिस्किटाचा पुडा, कधी काहीच नाही.

दाजी, मी स्पष्ट लिहितो. माझ्या मनात फार वाईट आले होते. ज्या माणसाचा फोन खणात, वाट रोज नवी आणि थांबा ठरलेला, अशा माणसाची बायको माझ्यापुढे रडत बसलेली मी अनेकदा पाहिली आहे. आता अशी वेळ माझ्याच बहिणीवर आली काय, या विचाराने जेवण गोड लागेना. मी अक्कास आडून विचारले, "दाजींचा बाहेर काही व्यवहार आहे का गं?"

"कसला व्यवहार? ब्रेड आणायला पाठवलं तर फुलपाखराचा फोटो घेऊन येतात. ब्रेड नाही."

"तसं नाही. कुठे जाणं-येणं?"

"दिनू, तू तुझी कचेरी इथे उघडू नकोस," ती म्हणाली आणि कणीक मळू लागली.

तेव्हा मी स्वतःच चौकशी करण्याचे ठरवले. पुढच्या वेळी तुम्ही पंपावर उतरलात, तसा बाथरूमचे निमित्त करून मीही मागून आत शिरलो आणि चिप्सच्या मांडणीआड उभा राहिलो. माझे इंग्रजी कच्चे आहे; पण 'विच वे' एवढे मला कळते आणि गावाचे नाव तर कोणासही कळेल. तुम्ही त्या बाईस विचारत होता, श्रूजबरीस कोणत्या वाटेने जायचे.

जेथे तुम्ही अर्धे आयुष्य काढलेत, मुलाला, अमेयला, शाळेत सोडलेत, मुंजी-लग्नांत खांद्यावर पाट वाहिलेत, त्या गावाची वाट. ती बाई तुम्हांस ओळखत होती. तुम्ही बोलण्यापूर्वीच तिने काचेतून हात दाखवण्यास सुरुवात केली होती.

मी तुमच्या आधी बाहेर येऊन गाडीत बसलो. तुम्ही आलात, पट्टा लावलात आणि म्हणालात, "चल, आज तुला शॉर्टकटने नेतो." मी "बरं" म्हणालो. त्या पंपाविषयी आपल्या दोघांतील सर्वांत मोठे संभाषण ते आणि तेवढेच.

घरी सांगावे काय? मी विचार केला. तुमचा हात मी पाहत होतो. तो स्थिर होता. सिग्नल तुम्ही पाळत होता, खारीसाठीही ब्रेक लावत होता. केवळ वाट तुमच्यातून निघून चालली होती. हे बोललो असतो तर त्याच दिवशी गाडी गेली असती आणि गाडीबरोबर कुरण. या देशात गाडी गेलेला माणूस म्हणजे माझ्यासारखाच, सोफ्यावरचा. ते कसे असते हे मी नुकतेच पाहिले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या पद्धतीने काम सुरू केले. जमिनीचा कागद करताना चतुःसीमा लिहावी लागते: पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस व उत्तरेस काय. इंग्रजी पाट्या मला झरझर वाचता येत नाहीत. त्या वाचेपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. पण एकदा पाहिलेल्या जागेची चतुःसीमा मी विसरत नाही. मी प्रत्येक वळणाची चतुःसीमा ओठांतल्या ओठांत म्हणू लागलो.

"काय पुटपुटतोयस?"

"सवय आहे. जागा पाहिली की चतुःसीमा म्हणतो."

तुम्ही डावीकडे इंडिकेटर लावलात, मग बंद केलात. मग म्हणालात, "मोठ्याने म्हण की."

तेव्हापासून मी मोठ्याने म्हणू लागलो. "पूर्वेस पांढरं चर्च, पश्चिमेस घोड्यांचं कुंपण, उत्तरेस निळ्या दाराचं घर, म्हणून आपण उत्तरेस." तुम्ही वळत होता. "दक्षिणेस दफनभूमी, तिकडे जाणे नाही." "एवढ्यात नाही," तुम्ही म्हणत होता आणि दोघे हसत होतो. दाजी, मी आयुष्यभर दुसऱ्यांचे म्हणणे लिहिले. माझे स्वतःचे कोणी मोठ्याने म्हणण्यास सांगितले नव्हते. तुम्ही मला फुलपाखरे दाखवलीत त्याबद्दल सभेत आभार मानेनच. हे आभार त्याहून वेगळे आहेत.

एकदा मात्र आपण चांगलेच चुकलो आणि ती चूक शंभर टक्के माझ्या खात्यावरची. एका घरापुढे मोठी निळी होडी उभी असे. तेथे डावीकडे वळायचे. त्या दिवशी होडी नव्हती. मालक ती पाण्यात घेऊन गेला असावा. जंगम वस्तू चतुःसीमेत धरू नये, हा या व्यवसायातील पहिला धडा. तो मी परमुलखात येऊन विसरलो. आपण सरळ गेलो, आणखी सरळ गेलो, आणि कोणा अनोळखी तळ्याच्या काठी पोहोचलो.

मी घाबरलो होतो. तुम्ही इंजिन बंद केलेत. समोर पाण्यात एक राखी बगळा उभा होता, माणसाच्या छातीएवढा, पाठीत थोडा वाकलेला, निकालाची वाट पाहणाऱ्या पक्षकारासारखा. वरच्या झाडावर डोळ्यांना काळी पट्टी बांधल्यासारख्या पाखरांचा थवा एकमेकांना बोरे भरवत होता. तुम्ही त्यांचे नाव सांगितलेत, वॅक्सविंग. मग दुर्बीण खाली न घेता म्हणालात, "दिनकरराव, हरवलं की पक्षी जास्त दिसतात."

मी 'कोण हरवलं' असे विचारले नाही. विचारण्यास हवे होते की नको, यावर माझे माझ्याशीच अद्याप एकमत नाही.

त्या दिवशी घरी पोहोचण्यास फार उशीर झाला. अक्काने दूर फ्रिस्को गावी अमेयला फोन केला होता आणि तुम्हांस फोन लावला तेव्हा तो चमच्यांच्या खणात वाजताना ऐकला होता. शनिवारी अमेय विमानाने आला. आल्याबरोबर त्याने मला गॅरेजमध्ये बोलावून घेतले.

"मामा, बी ऑनेस्ट हं. बाबांचं ड्रायव्हिंग कसं आहे? जानेवारीत ते अख्खी दुपार मिसिंग होते. ग्रोसरीला गेले होते. मी फोनवर त्यांचं लोकेशन बघत होतो, डॉट नुसता गोल गोल फिरत होता. आईला मी सांगितलं नाही. बाबांना मात्र बोललो."

जानेवारीत. आणि मला फोन आला तो फेब्रुवारीत. दाजी, त्या क्षणी माझ्या डोक्यात दोन कागद एकमेकांवर बसले. फोन खणात का, हेही तेव्हाच कळले.

"जे विचारायचं ते त्यांच्यासमोर विचार," मी म्हणालो. "ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याला बाहेर ठेवून मी साक्ष देत नाही."

"मामा, धिस इज नॉट अ कोर्ट."

"म्हणूनच जास्त जपायला हवं."

अक्का थालीपीठ लावत होती. तुम्ही लोण्याचा डबा उघडून बसला होता. अमेयने इंग्रजीत भराभर विचारले, आणि मुलगा बापाशी इंग्रजीत भराभर बोलू लागला की तो घाबरलेला असतो, एवढे मला तुमच्या घरात राहून कळले होते. तुम्ही त्याच्याकडे पाहिले नाही. सुरीने माझ्याकडे खूण केलीत. "मला कशाला विचारतोस? त्याला विचार. रोज शेजारी असतो."

म्हणजे तुम्हीच मला उभे केलेत. मग मी सांगितले. "हात स्थिर आहे. सिग्नल पाळतात. गाडी, माणूस, खार, सगळं दिसतं. वाट मात्र त्यांना आठवत नाही. वाट मला आठवते."

अक्काचा कालथा तव्यावर तसाच राहिला. "कधीपासून?" तिने विचारले, मला नव्हे, तुम्हांस.

"अगं, म्हणून तर नकाशा मागवला," तुम्ही म्हणालात. "इंडियाहून. बोलतो पण. फक्त जेवायला फार लागतं त्याला."

अमेय हसला. अक्का हसली नाही. थालीपीठ करपल्याचा वास आला आणि छतावरचा भोंगा ओरडू लागला.

शेवटी अमेयनेच तोडगा काढला. "ओके. ओन्ली विथ मामा. ओन्ली तो मेडो. नो हायवे. मामा सप्टेंबरमध्ये परत गेले की गाडीची किल्ली माझ्याकडे. डील?"

"सप्टेंबर लांब आहे," तुम्ही म्हणालात आणि माझ्या ताटात लोणी वाढलेत.

मी साक्ष दिली ती योग्य दिली. ती आजही मागे घेणार नाही. पण 'मागवला' हा शब्द मला लागला, दाजी. मागवतात ती वस्तू. सोमवारी गाडीत मी विचारले, "मला यासाठी बोलावलंत का?"

"कशासाठी?"

"वाटेसाठी."

"वर बघ, वर बघ! तारेवर, केस्ट्रेल!"

मी पाहिले. तारेवर ससाणा काय, काहीच नव्हते. असेल तर मला दिसले नाही. मी पुन्हा विचारेपर्यंत तुम्ही दुसराच विषय काढलात, आणि तो वाद तेथेच अर्धवट राहिला. त्यानंतर मी रोज विचारण्याचे ठरवत होतो आणि रोज चर्च आले की चतुःसीमा सुरू करत होतो. पाखरांकरिता बोलावले, की वाटेकरिता? आणि वाटेकरिताच बोलावले असेल, तर एवढ्या मोठ्या जगातून माझीच आठवण यावी, हा अपमान समजायचा की मान? तुमच्या मित्रांपैकी कोणीही शेजारी बसला असता. पण ते मित्र, ते बोलले असते. फलटणहून आणलेला माणूस कोणास सांगणार?

ऑगस्टच्या अखेरीस कुरण कापले गेले. बोबोलिंक आधीच निघून गेले होते. आपण तरीही गेलो. त्या दिवशीची हकीकत मी तुम्हांस मुद्दाम सांगतो, कारण तिचे स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

चर्चपाशी मी तोंड उघडले आणि तुम्ही आधीच वळलात. घोड्यांच्या कुंपणापाशी तुम्ही आधीच वळलात. निळे दार, दफनभूमी, होडीचे घर. सर्व ठिकाणी माझ्या आधी. मी बोलणे थांबवले. तुम्ही शीळ घालत होता. परतीच्या वाटेवरही तेच. माणसास एखादा दिवस सर्व लख्ख आठवते म्हणतात, तसा तो दिवस होता काय? की तुम्हांस वाट नेहमीच ठाऊक होती, आणि सोफ्यावर बसलेल्या मेव्हण्यास काहीतरी काम मिळावे म्हणून हा सर्व बनाव? पण पंपावरची बाई? जानेवारीतला तो गोल फिरणारा ठिपका? मागचा पंख पाहू म्हटले तर तुम्ही तो दाखवत नव्हता.

मग आपली गल्ली आली. आपले घर आले. अक्का पुढच्या अंगणात कुंडीतील पुदिना खुडत होती. तिने गाडी पाहून हात केला. आणि तुम्ही न थांबता घरापुढून निघून गेलात.

गल्लीच्या शेवटी रस्ता संपतो. तेथे तुम्ही गाडी वळवलीत, सावकाश परत आलात आणि बरोबर दारात उभी केलीत. किल्ली काढताना म्हणालात, "एक चक्कर जास्त मारली. तुझ्याबरोबर बरं वाटतं."

तुमचा चेहरा त्या क्षणी पाहिला असता तर मला उलगडा झाला असता. पण घर मागे पडत होते तेव्हा मी मान वळवून अक्काकडे पाहत होतो. साक्षीदार हजर होता आणि नेमक्या वेळी दुसरीकडे पाहत होता, असे मी कितीतरी प्रकरणांत लिहिले आहे. तेव्हा मला असे साक्षीदार लबाड वाटत.

त्याच आठवड्यात एका सकाळी तुम्ही उठला नाहीत. डॉक्टर हृदय म्हणाले. सप्टेंबर सुरू व्हायचा होता. मी परत जायचा होतो, किल्ली अमेयकडे जायची होती. त्याआधीच तुम्ही निघालात, गाडी आपल्याच ताब्यात ठेवून. लोक यास योगायोग म्हणत आहेत. मी लोकांस काही म्हणत नाही.

काल अक्का माझ्यासमोर येऊन बसली. पाहुणे गेले होते, अमेय बाहेर फोनवर बोलत होता.

"दिनू, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"त्या दिवशी घरासमोरून पुढे का गेलात? मी हात केला. ते सरळ पुढे बघत होते." तिने पदराच्या टोकाची घडी घातली, मोडली, परत घातली. "घर विसरले होते का रे?"

ती घराविषयी विचारत नव्हती, हे कळण्यास दहावी पास व्हावे लागत नाही.

"नाही," मी म्हणालो. "मला म्हणाले, एक चक्कर जास्त मारू, तुझ्याबरोबर बरं वाटतं."

"आणि मी?"

"तुला पाहिलं की. म्हणाले, ती बघ, हात करतेय. थांब, जरा गंमत करू तिची."

अक्का म्हणाली, "तसेच होते ते. शेवटपर्यंत वात्रट." आणि उठून चहा ठेवला. तुम्ही गेल्यापासून तिने स्वतःहून केलेला तो पहिला चहा.

दाजी, ते दुसरे वाक्य तुम्ही बोलला नव्हता. ते मी तुमच्या तोंडी घातले आहे. आजवर मी शेकडो लोकांचे म्हणणे लिहिले. न बोललेला एक शब्द कधी कोणाच्या नावावर चढवला नाही, याचा मला गर्व होता. आता तुमच्या नावावर एक वाक्य चढले आहे, आणि ते ऐकणारीने मनापासून खरे धरले आहे. कदाचित ते खरेही असेल. ते खोटे असून तुमची त्यास हरकत असेल, तर समक्ष येऊन सांगा. मी सप्टेंबर संपेपर्यंत इथेच आहे.